खाली न बघणारी माणसं

आज सगळी कामं बाजूला पडली. दिवसभर अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइनने काढलेले फोटो बघत बसलो. १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहत होती, तेव्हाचे. हाइन तेव्हा पंचावन्न ओलांडलेला, आणि कॅमेरा घेऊन कामगारांच्या मागोमाग वर चढलेला!

एका फोटोपाशी अडकलोच. वयस्कर कामगार तुळईवर बसून पान्याने बोल्ट आवळतोय. हेल्मेट नाही, पट्टा नाही. मागे क्रायसलर बिल्डिंग. त्याचं सगळं लक्ष बोल्टवर. घाम माझ्या तळहातांना.

तुळईवर बसून जेवणाऱ्या अकरा जणांचा १९३२चा फोटो सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो दुसऱ्या इमारतीचा, रॉकफेलर सेंटरचा, आणि प्रसिद्धीसाठी मुद्दाम जुळवून आणलेला. मला आपला हा बोल्टवाला आवडला. झूम करून त्याची नखं बघितली. काळीकुट्ट.