आंबोलीतला जायंट वुड स्पायडर: एका जाळ्यापाशी दोन सकाळी

धबधब्याची गर्दी ओसरली की आंबोलीला जावं, कोळी बघायला. पावसाळाभर वाढलेल्या जायंट वुड स्पायडरच्या माद्या सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर पूर्ण आकाराच्या असतात. आम्ही ऑक्टोबरात गेलो. सावंतवाडीहून एसटीने तीसेक किलोमीटर घाट चढला की आंबोली.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेला लागलो. पुढे चालणारे गावातले काका एकदम थांबले. "जाळा मोडू नकात, वाकान जावा." समोर काहीच दिसेना. दोन पावलं बाजूला सरकलो, तिरपं ऊन पडलं आणि दोन झाडांच्या मधे मीटरभराहून रुंद जाळं जरीसारखं पिवळंधमक उजळलं. तो रंग उन्हाचा नव्हे, धाग्याचाच.

मादी डोकं खाली करून बसली होती. काळं, लांबट पोट, त्यावर पिवळ्या रेघा, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. पाय पसरले तर तळहात झाकला जाईल एवढी. जाळ्याचा मध्य मधोमध नसतो, बराच वर असतो, हे मला तिथेच कळलं. वरच्या कडेला तांबूस, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा नर. मी त्याला आधी तिचं पिल्लूच समजले होते. शिवाय चांदीच्या थेंबासारखे आर्गायरोडीस कोळी, तिच्या जाळ्यातले बारीक किडे पळवणारे.

एक चतुर अडकला. मादी धावली, आधी चावली, मग त्याला मध्यापाशी नेऊन गुंडाळलं. बहुतेक चक्राकार जाळी विणणारे कोळी चिकट धागा घालताना आधीचा बिनचिकट आधारधागा काढून टाकतात. ही तो ठेवते. म्हणूनच जाळ्यात ठरावीक अंतरावर ठळक ओळी दिसतात.

दुसऱ्या सकाळी मुद्दाम परत गेलो. जाळ्याची डावी बाजू करकरीत नवी, उजवीकडे कालचाच पालापाचोळा आणि भोकं! ही सगळं जाळं एकदम बदलत नाही, एकेक भाग नवा करते. एकदाच बघून परतलो असतो तर हे निसटलंच असतं. म्हणून एक मुक्काम तरी ठेवाच.

सकाळी आठ-नऊची वेळ उत्तम. सूर्य जाळ्यामागे येईल असे उभे राहा. मोबाइलचा फोकस मागच्या झाडीवर जातो, तेव्हा मादीवर बोट टेकवून तो धरा. फ्लॅश नको. वाटेत काठी फिरवत चालू नका, नजर चेहऱ्याच्या उंचीवर आणि वर ठेवा. ती माणसाला सहसा चावत नाही, चावली तरी जीवाला धोका नसतो. हात मात्र लावू नका. जळवांसाठी लांब मोजे घाला, अंधारात विजेरीशिवाय हिंडू नका. इथे मलबार पिट व्हायपर हे विषारी साप आहेत.

आणि पायवाट सोडू नका. अंडी घालायला मादी खाली उतरते, मातीत खळगा करते आणि वर पाचोळा ओढते. वरून काहीच दिसत नाही.