अठ्ठ्याहत्तरची तबकडी, त्र्याहत्तरचा वेग

खोक्यात ग्रामोफोनच्या अकरा तबकड्या होत्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. आठ हंगेरियन, 'पात्रिया' या लोकसंगीताच्या मालिकेतल्या. उरलेल्या तीन न्यूयॉर्कच्या ज्यू वादकांच्या, मायक्रोफोन येण्याआधीच्या काळातल्या, म्हणजे भोंग्यासमोर बसून वाजवलेल्या क्लेझ्मरच्या (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नाकार्यातलं वाद्यसंगीत). सगळ्या धुवायच्या आणि संगणकात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून घ्यायच्या, एवढंच काम होतं. दहा सुरळीत झाल्या. अकरावीने दुपार खाल्ली.

धुण्याबद्दल आधी सांगतो, कारण नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं. या तबकड्यांना स्पिरिट कधीही लावायचं नाही. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, ती चपडी म्हणजेच या तबकडीतली लाख. (जगभरच्या तबकड्यांसाठी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची.) कोणीतरी एक तबकडी पूर्वी स्पिरिटने पुसली होती. तिच्यावर राखाडी ढग उतरला होता आणि त्या पट्ट्यात खरखर दुप्पट होती. त्यावर इलाज नाही. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, कागदी लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन तबकडी उभी वाळवायची.

सुई एलपीची चालत नाही. ती १८ मायक्रॉनची असते, रुंद खाचेच्या तळाशी पडून नुसती घाण उकरते. इथे ६५ ते ९० मायक्रॉनच्या सुया लागतात. दोन-तीन मापं लावून पाहायची आणि खाचेच्या भिंतीचा जो भाग जुन्या पोलादी सुयांनी झिजवलेला नाही तिथे बसणारी निवडायची. कार्ट्रिज स्टिरिओ ठेवायचं, दोन्ही भिंती वेगळ्या साठवायच्या. दोन्ही भिंती सारख्याच चांगल्या असल्या तर नंतर एकत्र केल्यावर वरखाली हलण्याचा आवाज एकमेकांना छेदून जातो. एक भिंत खराब असेल तर दुसरीच वापरायची.

पात्रियाच्या तबकड्या १९३६ पासूनच्या. खेड्यापाड्यातल्या गायक-वादकांना बुडापेस्टच्या रेडिओ स्टुडिओत आणून त्या मुद्रित केल्या. बार्तोक, कोदाय आणि लायता हे हंगेरियन संगीतकार त्यामागचे जाणकार. मुद्रण विजेवरचं, आवाज भरलेला. हंगेरियन लोकसंगीताच्या जुन्या थरातली चाल ऐकली की आपल्या कानाला धानी आठवतो: सा ग॒ म प नि॒, आणि दुसरा अर्धा भाग पहिल्याचाच, पण पंचमाने खाली. सोबतीला कोन्त्रा असेल तर नॉइज रिडक्शन जपून लावायचं. कोन्त्रा म्हणजे तीन तारांचा व्हिओला, घोडी सपाट, त्यामुळे गज तिन्ही तारांवर एकदम पडतो. गज घासण्याची ती खरड हाच त्याचा ठेका. सॉफ्टवेअर तिला कचरा समजून पुसून टाकतं आणि मग नाच लंगडतो.

अकरावी तबकडी क्लेझ्मरची. व्हायोलिन आणि सिम्बल, म्हणजे काड्यांनी वाजवायचं, संतूरच्या कुळातलं वाद्य. आधी संथ, तालाबाहेरची डॉइना, मग नाचाची चाल. काठापासून आत दोन सेंटिमीटर केसाएवढी चीर होती, सुई तिथे उडायची. निम्म्या वेगाने वाजवून ती पार झाली. संगणकात वेग दुप्पट केला. इक्वलायझेशन, म्हणजे खालच्या-वरच्या कंपनांचा तोल सावरणं, वेग दुरुस्त झाल्यावरच करायचं, आधी केलं तर सगळी कंपनं चुकीच्या जागी कापली जातात.

मिनिटाला ७८.२६ फेऱ्यांच्या हिशोबाने ऐकलं तर षड्ज काळी दोनवर. स्वर फ्रेगिश या क्लेझ्मरमधल्या स्वरमालेचे: सा रे॒ ग म प ध॒ नि॒. पूर्वांगात भैरव, उत्तरांगात भैरवी, आपला बसंत मुखारीच. पण काळी दोनवर व्हायोलिन वाजवणारा हा माणूस मोकळ्या तारा इतक्या सहज कशा छेडतोय? षड्जाची घुमणारी साथ स्पष्टपणे मोकळ्या तारेची होती. तिच्यात बोटाचं कंपन अजिबात नव्हतं. आणि त्याचा सर्वांत खालचा स्वर काळी चार, त्याखाली एकदाही गेला नाही. व्हायोलिनची जाडी तार मोकळी सोडली की पांढरी पाच येते. म्हणजे सगळंच अर्धा स्वर वर चढलं होतं.

षड्ज पांढरी दोनवर आणायचा तर वेग ७३.९. त्या काळी वादक आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३५ ला जुळवत असतील तर आणखी खाली, सुमारे ७३. मी मधला ७३.५ धरला. विजेआधीच्या तबकडीत विजेची गुणगुण नसते, त्यामुळे दुसरा साक्षीदार मिळत नाही. वाद्यालाच विचारावं लागतं.

लयही बदलली. मिनिटाला १२८ पडणारा ठोका १२० वर आला. क्लेझ्मर म्हणजे भन्नाट पळणारं संगीत, ही समजूत अशा तबकड्यांनी किती पसरवली असेल, असं वाटून गेलं.

डिक्लिक, म्हणजे टिकटिक आवाज पुसणारं सॉफ्टवेअर, लावताना मात्र हात आखडला. व्हायोलिनवरचा 'क्रेख्त्स', म्हणजे स्वर सुटताना येणारा हुंदका, क्षणभराचाच असतो. सिम्बलचा टोलाही तसाच. स्वयंचलित डिक्लिकने दोन्ही गिळले. शेवटी चिरेचे टिकटिक आवाज हातानेच काढले. दर ०.८२ सेकंदाला एक, पहिल्या चाळीसेक वळशांत.

संग्राहकाला ऐकवलं तर तो म्हणाला, "हे जरा मंद वाटतंय." त्याने वर्षानुवर्षं काळी दोनवालीच ऐकली होती. दोन्ही फायली दिल्या, मूळ न कापलेलीही. नावात वेग लिहिला आणि शेजारी कारण: 'जाड तार मोकळी = पांढरी पाच'.