चारांक यो

गोव्यात फोंड्याला राहायला आले त्याच आठवड्यात भर दुपारी दीड वाजता कपाटाच्या बिजागऱ्या आणायला निघाले. दुकानाचं शटर निम्मं खाली आलं होतं. मालक आतूनच म्हणाले, "आतां ना बाय, चारांक यो." मला रागच आला. गिऱ्हाईक दारात उभं आणि हे जेवायला निघाले!

चार वर्षं झाली त्याला. आपल्याकडे गोव्याच्या या दुपारला सर्रास आळस म्हणतात, ते मला आता ऐकवत नाही. 'सुशेगाद' हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला, त्याचा अर्थ शांत, निवांत. हेच मालक सकाळी साडेआठला दुकान उघडतात आणि रात्री आठपर्यंत उभे असतात. मधले तीन तास त्यांचे. त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत.

मी मात्र सतत माफी मागत होते. कोल्हापूर-पुण्याच्या लोकांना घरातल्या इंटिरियरची ड्रॉइंग करून देते, स्वतंत्रपणे. नोकरी नाही, म्हणजे रजाही नाही. पहिल्या चवथीला (गणेश चतुर्थीला इथे चवथ म्हणतात) शेजारच्या काकींनी माटोळी बांधायला बोलावलं. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी (मोठ्या काकड्या), अंबाडे, रानातली कांगलं बांधायची. काकी सुंभ ओढून गाठ मारत होत्या आणि मी एका हाताने तवशं धरून दुसऱ्या हाताने क्लायंटला उत्तर लिहीत होते. तवशं पडलं. काकी काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या रात्री वही घेऊन बसले. वर्षाचे 365 दिवस. शनिवार-रविवारचे 104 गेले, उरले 261. सणांचे 12, आजारपणाचे 10, हक्काच्या सुट्टीचे 25 वजा केले, 214 राहिले. त्यातही आठवड्याला एक दिवस कोटेशन, बिलं आणि फोन यांत जातो. प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे दिवस जेमतेम 170. मी दर काढताना भागत होते 300 ने! वर्षाला दहा लाख हवे असतील तर 300 ने भागून दिवसाला 3,333 येतात, 170 ने भागून 5,882. मला टोचणी लागायची ती इथून. सुट्टी दरात धरलेलीच नव्हती, म्हणून प्रत्येक सुट्टी खिशातून जात होती.

दर वाढवला. दोन क्लायंट सोडून गेले, त्याचं वाईट वाटलं. बाकीचे राहिले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, केली आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते कामाच्या पत्रातच लिहायला लागले. कायद्याने ती मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं तरी करावंच, असं मला मनापासून वाटतं. थकलेल्या बिलाची काळजी डोक्यात असेल तर सुट्टीत मन लागत नाही.

आता चवथीच्या तारखा महिनाभर आधी सगळ्यांना कळवते. यंदा माटोळी बांधताना आईचा फोन आला. "आज काम नाही का गं तुला?"

"सुट्टी आहे आई. तिचे पैसे आधीच घेतलेत."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, मग माटोळीचा फोटो पाठव."