भिंतीच्या मागचं पाणी : आमची वाटचाल

सेल्फ-सर्व्हिस कार वॉशच्या भिंती रंगवायचं आमचं पहिलं काम अकरा महिन्यांत उखडलं. बडोद्यातल्या वाघोडिया रोडवरच्या त्या मालकांचा सकाळी सात वाजता फोन आला, "बेन, आ तो उखडी गयुं." मी आणि बाबा तसेच स्कूटरवरून गेलो. गाडी धुवायच्या चार खणांपैकी तिसऱ्या खणात, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, पांढऱ्या ऑइल पेंटचा हातभर पापुद्रा लोंबत होता आणि त्यामागची लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भिजलेल्या कणकेसारखी झाली होती. बाबांनी अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

बाबांचं रंगकाम दांडिया बाजारातून चालायचं. वाड्याच्या पुढच्या खोलीत चुन्याची पिंपं, ब्रशांचे जुडगे, शिड्या. गणपतीच्या आधी मराठी घरं, दिवाळीच्या आधी गुजराती घरं, आणि त्या तीन महिन्यांत वर्षाची निम्मी कमाई. मी कॉमर्स करून हिशेब बघायला म्हणून बसले आणि तिथलीच झाले. धाकटा भाऊ मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका फायबरच्या (काचतंतूच्या) कारखान्यात साचे भरायचा. पुढे आमच्या धंद्याने जे वळण घेतलं त्यात त्याच्या त्या नोकरीचा मोठा वाटा आहे.

गाडी धुवायच्या या जागेला मालक लोक 'बे' म्हणतात. आम्ही आपला जुना शब्द वापरतो, खण. तिन्ही बाजूंनी भिंत किंवा दोन बाजूंनी, वर पत्रा, गाडी आत घ्यायची, क्यूआर स्कॅन करायचा, जोरात पाणी मारणारी गन हातात घ्यायची आणि मिनिटं मोजत धुवायचं. कामगार धुतो तेव्हा त्याच्या हाताला सवय असते. इथे गन रोज नव्या हातात जाते. शंभर बारच्या आसपासचं प्रेशर, त्यात नोझल भिंतीपासून वीतभर अंतरावर. घराच्या बाहेरच्या भिंतीवर दहा पावसाळ्यांत जेवढा मार बसत नाही तेवढा इथे एका रविवारी बसतो. हे आम्हाला कळायला ते पहिलं काम वाया जावं लागलं.

चूक कुठे झाली ते बाबांनीच शोधलं. गिलावा होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मालकांना घाई होती आणि आम्हाला काम हवं होतं. ताज्या सिमेंटचा क्षार फार कडक असतो, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात जातो. ऑइल पेंटमधल्या तेलाशी त्याची गाठ पडली की तेलाचा साबण होतो. रंग चिकट होतो, पकड सोडतो. म्हणून गिलाव्याला 28 दिवस द्यायचे, आणि तरीही सिमेंटवर थेट ऑइल पेंट मारायचा नाही. दुसरी चूक लांबी. घरातल्या भिंतीला लांबी शोभा देते. धुलाईच्या खणात ती भिंत आणि रंग यांच्यामधली सगळ्यात मऊ जागा असते. वरच्या रंगाला केसाएवढी चीर पडली की गनचं पाणी तिथून आत घुसतं आणि लांबीच्या थरातून बाजूला पसरतं. पुढून भिंत पांढरीशुभ्र दिसते आणि मागे सगळं सुटलेलं असतं.

ते काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केलं. ग्राइंडरने गिलाव्यापर्यंत घासलं, सुकू दिलं, इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या रंगाचा, प्रायमर आणि इपॉक्सीचे दोन हात दिले. लांबी अजिबात नाही, जिथे खड्डे तिथे इपॉक्सीचाच भराव. बाबांना त्या कामाची पद्धत आवडत नसे. ए पार्ट, बी पार्ट मोजून मिसळायचे, उन्हाळ्यात मिश्रण डब्यातच गरम होऊन घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. आयुष्यभर नजरेने रंग कालवणारा माणूस वजनकाटा घेऊन बसला. पण ते शिकले. साठी उलटल्यावर शिकले, आणि दाहोदकडच्या आमच्या दोन्ही कारागिरांनाही त्यांनीच शिकवलं.

तो रंग टिकला, फक्त खणाच्या तोंडाशी, जिथे दुपारनंतरचं ऊन तिरपं आत येतं, तिथे वर्षभरात पिवळा पडला आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघायला लागली. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. तेव्हापासून वरचा शेवटचा हात उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा. खर्च वाढतो, पण तोंडाच्या चार-पाच फुटांत तरी तो टाळू नका असं मी प्रत्येक मालकाला सांगते.

पावसाळ्यातलं काम हा वेगळाच विषय आहे. हवेत दमटपणा भरलेला असताना इपॉक्सी मारली तर वर मेणासारखा चिकट थर येतो. तो धुऊन न काढता दुसरा हात दिला तर दोन हात एकमेकांना धरत नाहीत. शिवाय भिंत दिसायला कोरडी असली तरी आतून ओली असू शकते. आमची परीक्षा साधी आहे: दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि कमीत कमी सोळा तास, म्हणजे रात्रभर, तसाच ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंतीचा तेवढा चौकोन काळवंडला तर काम सुरू करायचं नाही. यात वाद घालायला जागाच नसते, कारण मालक स्वतःच्या डोळ्यांनी थेंब बघतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रंगाच्या पत्रकात लिहिलेली नव्हती. सगळ्या खणांत भिंत सगळ्यात आधी एकाच पट्ट्यात जायची, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. मी एका रविवारी ओल्ड पादरा रोडवरच्या एका ठिकाणी नुसती खुर्ची टाकून बसले तेव्हा उलगडा झाला. लोक गाडीतले मॅट काढतात, भिंतीला टेकवतात आणि गन अगदी जवळ नेऊन त्यातली माती उडवतात. मॅटच्या कडेबाहेरचा सगळा मार भिंतीवर, त्यात रेती मिसळलेली. तो घासपेपरच झाला. त्यावर आम्ही भिंतीपासून दोन इंच पुढे स्टेनलेस स्टीलचा दांडा बसवून त्यावर मॅटचे चिमटे दिले आणि त्या मागे वेगळा तुकडा लावला, जो झिजला की एकटाच बदलता येतो. आमच्या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट हीच.

पॅनेलकडे, म्हणजे रंगाऐवजी भिंतीवर लावायच्या तयार शीटकडे, आम्हाला ग्राहकांनीच ढकललं. रंगाला चार-पाच दिवस खण बंद ठेवावा लागतो, पॅनेल दोन दिवसांत लागतं. बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते छताला लावायचं पीव्हीसी, आतून पोकळ. ते खणात लावू नका. जवळून गन लागली की पातळ पापुद्रा फुटतो, पोकळ नळ्यांत पाणी भरतं आणि महिन्याभरात आत शेवाळ दिसायला लागतं. भरीव पीव्हीसीची शीट चांगली, पण ती उन्हात वाढते. तीन मीटरच्या शीटला तीस अंशांचा फरक पडला तर ती पाचेक मिलिमीटर वाढते, आणि बडोद्यात जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तेवढा फरक सहज असतो. आम्ही एका ठिकाणी मालकांच्या हौसेखातर पश्चिमेच्या भिंतीला गडद निळ्या शीट घट्ट स्क्रूने आवळल्या. एप्रिलमध्ये त्या पापडासारख्या फुगल्या. आता भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडतो, वर रुंद टोपीचा वॉशर देतो, सांध्यात जागा सोडतो आणि ऊन लागणाऱ्या भिंतीला फिकाच रंग घ्यायला सांगतो. अगदी पांढरा नको, चाकांची काळी घाण त्यावर उठून दिसते. गडद राखाडीही नको, बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की त्यावर पांढरे ओघळ राहतात. फिकी राखाडी आमच्याकडे सगळ्यात जास्त जाते.

फायबरच्या शीटचा नाद भावाने लावला. ती उन्हात पीव्हीसीच्या निम्म्याहूनही कमी वाढते, मार सोसते, आणि वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा (राळेचा) पातळ थर, गुळगुळीत असेल तर घाण धरत नाही. खरखरीत दाणेदार शीटवर ओरखडे लपतात, पण तिच्या खळग्यांत तेलकट काळेपणा साचतो आणि तो ब्रशनेच काढावा लागतो. कापलेल्या कडेला काचेचे तंतू उघडे राहतात, तिथून पाणी ओढलं जातं. त्यामुळे भाऊ प्रत्येक कापलेली कड रेझिनने बंद करून घेतो. साइटवर घाईत भोक पाडलं तरी थांबून त्यात रेझिन फिरवतो. कारागीर कुरकुरतात, "भैया, कोण बघतंय?" तो ऐकत नाही.

मग ऑगस्ट 2024 आला. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. फतेगंज, समा, अकोटा, कितीतरी वस्त्यांत गाड्या टपापर्यंत बुडाल्या. आमच्याच घरी दोन दिवस वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर कार वॉशसमोर रांगा लागल्या, आणि आमच्या दोन ग्राहकांचे खण स्वतःच गाळात होते. रंगाच्या भिंती असलेला खण धुतला, तो संध्याकाळी चालू झाला. पॅनेलचा खण पुढून धुतला आणि तिसऱ्या दिवशी तिथे उभं राहवेना एवढा वास. पॅनेलच्या मागे, चौकटीच्या पोकळीत, गाळ भरला होता. सगळी पॅनेलं उतरवली. मागची लोखंडी चौकट कापलेल्या टोकांना गंजली होती, आणि तो गंज पुराचा नव्हता, त्याआधीच्या दोन वर्षांचा होता. म्हणजे सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी आधीपासून आत जात होतं आणि आम्हाला ते दिसलंच नव्हतं. बाबांनी ती चौकट हातात घेतली आणि म्हणाले, "लांबीच्या वेळी झालं तेच झालं, ताई." मला ते घरात कधी ताई म्हणत नाहीत. साइटवर म्हणतात.

त्या दिवसापासून आमची भिंत बदलली. खालचे तीन फूट काँक्रीटवर इपॉक्सी, पॅनेल नाहीच, म्हणजे गाळ आला तरी झाडूने निघतो. त्यावर फायबरची शीट, खालची कड मोकळी, वरही वाट, त्यामुळे मागे गेलेलं पाणी खाली गळून बाहेर येतं आणि हवा खेळते. चौकट स्टेनलेस स्टीलची. दर दोन शीटांमागे एक अशी बसवायची की चार स्क्रू काढले की ती निघते, आणि दर पावसाळ्यानंतर मालकांनी ती काढून मागे बघायचं. टाइल हव्या असतील तर आम्ही नाही म्हणत नाही, पण सांध्यात सिमेंटचा ग्राउट (फटी भरायचं मिश्रण) चालणार नाही हे आधीच कागदावर लिहून घेतो. चाकं धुवायची आम्लाची औषधं तो हळूहळू खाऊन टाकतात. इपॉक्सी ग्राउटच लागतो.

सध्या मांजलपूरला सहा खणांचं काम चालू आहे. मालकांना दसऱ्याला उद्घाटन हवं आहे. गाड्यांची पूजा दसऱ्याला, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत शहरातली प्रत्येक गाडी धुवायला निघते आणि त्यांचा हिशेब बरोबरच आहे. पण गिलावा भर पावसात झालाय. आज संध्याकाळी बाबांनी स्वतः सहाही खणांत प्लास्टिकचे कागद चिकटवले. त्यांचे गुडघे दुखतात, तरी खालच्या कडेचा टेप त्यांनी दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. उद्या दुपारी बाराला आम्ही मालकांना बोलावलंय. कागद त्यांच्यासमोरच काढायचे.