त्रिकोणाला हात की पाय?

लेकीच्या गणिताच्या वहीत परवा लाल पेनची खूण आली. चूक माझी होती. गृहपाठ साधाच: खालच्या आकृत्यांतले समद्विभुज त्रिकोण रंगव. मी तिला म्हटलं, समभुज सोड, त्याचा खण वेगळा. बाईंनी नेमका त्यालाच गोल करून लिहिलं, हाही रंगवायचा.

सहा वर्षं झाली जर्मनीत, कचऱ्याच्या चार डब्यांचीसुद्धा सवय झाली. पण ही खूण झोंबली. नागपूरच्या शाळेत आम्ही घोकलेलं: बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. बाजूंचे खण तीन, एकाचा दुसऱ्यात पाय नाही!

रात्री पुरावे शोधायला बसले. युक्लिड चक्क माझ्या बाजूचा निघाला. त्याच्या व्याख्येत समद्विभुजाच्या दोनच बाजू समान. शिवाय आपल्या शब्दातच ‘द्वि’ आहे, तिसरीला जागा कुठे? समद्विभुजाला इथे जर्मनमध्ये ‘ग्लाइखशेंक्लिख’ म्हणतात, त्यात आकडाच नाही. ‘शेंकेल’ म्हणजे मांडी, तंगडी. आपण त्रिकोणाच्या भुजा मोजतो, हे लोक तंगड्या.

बाईंचा हिशेब मात्र सरळ आहे. किमान दोन बाजू समान असल्या की झालं. मग समान बाजूंसमोरचे कोन समान, हे एकदाच सिद्ध करायचं. समभुजाला तेच दोनदा लावलं की तिन्ही कोन ६० अंशांचे. मला पटलं. लेकीपुढे कबूल केलं नाही, ते वेगळं.

आणि हो, तिच्या दप्तरातल्या ‘गेओड्रायएक’चा हेवा वाटतो. पट्टी, कोनमापक, गुण्या, सगळं एका पारदर्शक तुकड्यात. समद्विभुजही तोच, काटकोनही तोच. नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून आणलेल्या माझ्या कंपासपेटीत दोन गुण्ये होते. ४५ वाला असाच, ३०-६० वाला विषमभुज. त्या विषमभुजाचं टोक पहिल्या चाचणीआधीच मोडलं, कारण बाकावर नाव कोरायला त्याच्यासारखं हत्यार नव्हतं. हे काम गेओड्रायएकने करून दाखवावं.

रविवारी बाबांना फोनवर सगळं रामायण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

“अन् काय वं, त्या बाईला सांगितलं नाही का, आमच्याकडच्या त्रिकोणाले तंगड्या नसतात म्हणून?”