पिकअपच्या मागच्या कमानीचा हिशोब

माझ्या पिकअपचं काम नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशी मार्केट आणि परत येताना रिकामी. वीस किलोचे क्रेट, आरसी बुकात बसेल तेवढेच. तरीही भरलेली गाडी मागून बसायला लागली आणि घाटातल्या खड्ड्यात एक्सल रबरी स्टॉपरवर आदळू लागला. एक्सलवर गाडीचा भार पेलणारी कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे. अशा वेळी गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "जाड पाटे टाका." मी आधी वजनकाटा गाठला. पाटे निवडण्याआधी सगळ्यांनीच तो गाठावा, असं माझं ठाम मत आहे.

काट्यावर पूर्ण गाडी नाही, फक्त मागची चाकं चढवायची. एकदा रिकामी, एकदा भरलेली. दोन्ही वेळा डिझेल सारखंच आणि ड्रायव्हर आत. माझी मागची चाकं रिकामी 720 किलो, भरल्यावर 1,880 किलो. फरक 1,160, म्हणजे एका बाजूच्या कमानीवर 580 किलो. एक्सल आणि चाकांचं वजन दोन्ही मापांत असतं, त्यामुळे वजाबाकीत ते आपोआप निघून जातं. त्याच दोन वेळी सपाट जागेवर एक्सल आणि स्टॉपर यांतलं अंतर मोजलं: रिकामी 108 मिमी, भरलेली 20 मिमी. कमान 88 मिमी दबली. 580 भागिले 88, म्हणजे एक मिलिमीटर दबायला साधारण 6.6 किलो. हा कमानीचा कडकपणा.

आता महत्त्वाची गोष्ट. जुनी कमान बसते तेव्हा तिचा कडकपणा जात नाही, उठाव जातो. पाट्याचं पोलाद तेवढंच ताठ असतं, फक्त गोलाई उतरलेली असते. म्हणून गाडी बसली की जाड पाटा हे उत्तर होत नाही. "आमचं पोलाद स्पेशल आहे, जास्त कडक" हे वाक्यही मनावर घेऊ नका. पाट्याच्या सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. चांगलं पोलाद आणि नीट दिलेलं पाणी (तापवून थंड करण्याची प्रक्रिया) यांचा फायदा वेगळा: उठाव जास्त दिवस टिकतो आणि पाटा उशिरा तुटतो.

जाडीचा परिणाम मात्र जबरदस्त आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सगळे पाटे 8 ऐवजी 9 मिमीचे घेतले तर कमान सुमारे 42 टक्के कडक होते. माझ्या मालाखाली ती 88 ऐवजी 62 मिमीच दबली असती. ऐकायला बरं वाटतं, पण परतीच्या रिकाम्या गाडीचं काय? मागची चाकं उड्या मारतात, ब्रेक दाबला की जाम होतात, बॉडीचे बोल्ट ढिले पडतात. शिवाय तेवढंच वाकवलं तर जाड पाट्यावर ताण जास्त येतो. बऱ्याच दुकानांत पाटा किलोवर मिळतो, त्यामुळे जाड पाट्याचा आग्रह होणारच. आणि पाटे कितीही जाड टाकले तरी आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये, हे 2019 च्या दुरुस्तीपासून लागू आहे.

एक जादा पाटा टाकायचा? पाच पाट्यांच्या कमानीत तशाच जाडीचा सहावा टाकला की कडकपणा वीसेक टक्क्यांच्या आत वाढतो. पण त्याची गोलाई वरच्या पाट्याशी जुळली पाहिजे. सुट्या कमानीत खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो आणि मध्ये बारीक फट दिसते. सेंटर बोल्ट (सगळ्या पाट्यांच्या मधून जाणारा) आवळला की ती मिटते आणि भार सगळ्यांवर वाटला जातो. दुसऱ्या गाडीचा सपाट पाटा मध्ये घातला तर तो भार घेत नाही आणि शेजारचा तुटतो. जुनेच पाटे ठोकून उठाव देणं स्वस्त पडतं, पण थंड ठोकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो.

मी मूळ जाडीचा, मूळ संख्येचा पूर्ण नवा सेट घेतला, दोन्ही बाजूंचा. एकच बाजू बदलली तर गाडी एकीकडे झुकते.

दुकानात जाताना ही मापं लिहून न्या: मेन, म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पाट्याची रुंदी (60 आणि 70 मिमीत गल्लत होते), व्हर्नियरने प्रत्येक पाट्याची जाडी, बुशच्या डोळ्याचा (मेन पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकाचा) आतला व्यास, आणि सेंटर बोल्टपासून पुढच्या व मागच्या डोळ्यापर्यंतची दोन वेगळी अंतरं. ही दोन अंतरं बहुधा सारखी नसतात. कमान उलटी बसली की एक्सल पुढेमागे सरकतो.

जुना तुटलेला पाटा फेकू नका, तो कारण सांगतो. तुटलेल्या तोंडावर नखाएवढा काळपट, गंजलेला डाग आणि बाकी भाग चकचकीत दाणेदार दिसला, तर भेग जुनी होती आणि शेवटच्या खड्ड्यात फक्त निकाल लागला. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट (कमान एक्सलला आवळून धरणारे) ढिले होते. नवा पाटा घेताना वरची, म्हणजे आतल्या गोलाईची बाजू हाताने चाचपा. भाराखाली ताण तिथे येतो, म्हणून त्या बाजूला ओरखडा, वेल्डिंगचा थेंब किंवा हातोड्याची खूण असेल तर पाटा परत करा. दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याला वेढा घालत असेल तर उत्तम. मेन पाटा तुटला तरी एक्सल जागेवर राहतो.

बसवताना चासी स्टँडवर, एक्सल जॅकवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडा. पाट्याजवळ गॅस कटर लावू देऊ नका, उष्णतेने पाट्याचं पाणी उतरतं. यू-बोल्ट चारही नवे घ्या. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खाचेत बसलं का ते बोट घालून बघा. मग नट तिरक्या क्रमाने, थोडेथोडे आवळा. डोळ्याचे आणि शॅकलचे (कमानीचं एक टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायचे. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. एक्सलला सळईने जोडलेला ब्रेकचा भार-व्हॉल्व्ह असेल तर गाडीची उंची मूळ मापाला येणं आणखी गरजेचं. मागची बाजू जास्त उचलली तर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर आणि पुढे 500 किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा आवळले. पहिल्या वेळी आठपैकी सहा नट पाव फेरा फिरले. पाटे सुरुवातीला थोडे बसतात: रिकाम्या गाडीचं स्टॉपरपर्यंतचं अंतर 132 मिमी होतं, चार फेऱ्यांनी 126 वर थांबलं. त्याच मालाखाली आता 36 मिमी उरतात. कमान दबते 90 मिमी, जुनीइतकीच. दोनाचा फरक हेल्पर पाटा (भार वाढल्यावरच टेकणारा जादा पाटा) थोडा उशिरा टेकतो म्हणून. स्टॉपरवर आदळणं थांबलं आणि रिकामी गाडी पूर्वीसारखीच चालते. नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की पान्हा काढायचा.