को पांगान: खोली स्वस्त, हलणं महाग

थायलंडच्या आखातातल्या को पांगान बेटावर बॉटल बीच नावाचा किनारा आहे. तिथली पायवाट 'सोपी, सपाट, चपलेवरसुद्धा होते' असं ज्यांनी लिहून ठेवलंय, ते नक्की बोटीने गेले असणार. हाड खोमच्या (हाड म्हणजे थाईत किनारा) मागे रस्ता संपतो आणि वाट झाडीत शिरते. ती समुद्राच्या कडेने जात नाही. प्रत्येक घळीत उतरते, पुन्हा चढते, आणि पायाखाली ग्रॅनाइटचे धोंडे नाहीतर त्यांना कवटाळलेली मुळं. खुणेसाठी झाडांना प्लास्टिकच्या बाटल्या टांगल्यात, मधूनमधून दगडावर रंगाचे ठिपके. बाटली दिसेनाशी झाली की मागे फिरा, पुढे जाऊन शोधू नका.

अंतर पाच किलोमीटरच्याही आत. राजगड-तोरणा केलेल्याला त्यात काय विशेष, असं वाटेल. पण मे महिन्यात तिथे वारा औषधालाही नसतो आणि घाम सुकतच नाही. वाटेत पाणी मिळत नाही. मधल्या एका उतारावर कुजलेल्या पानांखाली सुटे दगड आहेत, तिथे मेव्हण्याने बूड टेकलं आणि उठायचं नाव न घेता विचारलं, "दाजी, बोटवाला किती म्हणाला होता हो?" दोन तास धरा, माणशी दोन लिटर पाणी आणि बूट. सकाळी आठच्या आत वाटेला लागत नसाल तर जाऊच नका.

किनारा सुरेख आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं परतीबद्दल आहे. बॉटल बीचच्या बोटी चालोकलुमच्या धक्क्यावरून सुटतात. तिथे सकाळी माणशी जो भाव सांगतात तो लाँगटेल, म्हणजे लांब दांड्याच्या इंजिनाची होडी, भरली तरचा. दुपारी चारनंतर बॉटल बीचवर दोन घामाघूम माणसं उभी दिसली की अख्ख्या बोटीचे पैसे मागतात. घासाघीस करूनही आमच्याकडून सकाळच्या भावाच्या तिप्पट घेतले. नाखवा निवांत सिगारेट ओढत डोंगराकडे हात दाखवत होता. नसेल परवडत तर या तसेच चालत, असा त्याचा अर्थ. तो मला अजून आठवतो.

म्हणून उलटं करा. स्कूटर चालोकलुमला लावा, सकाळच्या गर्दीत माणशी भावाने बोटीने जा, पोहा, जेवा आणि अंगात दम उरला असेल तरच चालत या. चालत येणाऱ्याला कुणी अडवून धरू शकत नाही. चालायचं नसेल तर जातानाच परतीची वेळ आणि पैसे ठरवून टाका, आणि पैसे परत आल्यावर द्या.

पांगानवर सगळीकडे हेच आहे. बेटावर विमानतळ नाही, सरकारी बस नाही. बेटाचा मुख्य धक्का थोंग साला गावाला, आणि बाहेर पडलं की सोंगथाव उभे: पिकअप गाडीत मागे समोरासमोर दोन बाकडी, आपल्याकडच्या वडापसारखी. भाव फलकावर लिहिलेले असतात, त्यामुळे फसवणूक म्हणता येत नाही. हाड रिनला माणशी शंभर-दीडशे बाट, थोंग नाय पानला त्याहून जास्त. पण तेही गाडी भरली तर. बोटीतून उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बसलात तर हा भाव, चहा पीत रेंगाळलात तर उरलेल्या रिकाम्या जागांचे पैसे तुमचेच. एका बाटला तीन रुपये धरून हिशेब करा म्हणजे डोळे उघडतील. चौघांच्या कुटुंबाने रोज दोनदा सोंगथाव केला तर भाड्याच्या पैशात आणखी एक खोली आली असती.

तेव्हा लांबच्या खाडीतली स्वस्त झोपडी बघून हरखू नका. हाड युआन, हाड थियान अशा ठिकाणी बहुतेक लोक हाड रिनहून बोटीनेच जातात, म्हणजे तो नाखवा पुन्हा आलाच. मुक्कामी पडून राहायचं असेल तर ठीक. फिरायचं असेल तर थोंग सालाच्या आसपास राहा. बान ताय आणि हिन कोंगला फॅनच्या खोल्या खरंच स्वस्त मिळतात, पण त्याचं कारण फोटोत दिसत नाही. साधारण मे ते सप्टेंबर ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे जातं की पोहायला नाही, शिंपले वेचायला जावं लागतं. पोहायचं तर वायव्येला माए हाड गाठा, समोरच्या को मा बेटापर्यंत वाळूची पट्टी आहे आणि मास्क लावून मासे बघता येतात.

तारखा ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. हाड रिनची फुल मून पार्टी पौर्णिमेला. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात आणि बरेच जण किमान चार-पाच रात्रींचं बुकिंग मागतात. पार्टीला प्रवेशशुल्क आहे, बादलीत दारू मिळते, सकाळी वाळूत काचा असतात. पंचविशीच्या आत असाल तर जा. आम्ही अर्ध्या तासात परतलो. माघ, वैशाख आणि आषाढाच्या पौर्णिमेला सहसा तिथे बौद्ध सण येतो आणि पार्टी एखाददुसरा दिवस सरकते, तेव्हा तारीख आधी पक्की करून घ्या. मला विचाराल तर पौर्णिमा झाल्यावर तीन-चार दिवसांनी उतरा.

दिवाळीची सुट्टी मात्र या बेटावर घालवू नका. आखाताच्या बाजूच्या बेटांवर, म्हणजे सामुई, पांगान, ताओ, मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. समुद्र खवळला की बोटी बंद. त्याच सुमाराला पलीकडच्या, अंदमान समुद्राच्या बाजूचं क्राबी, को लांता उघडत असतं. उलट मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे पावसाळा सुरू होतो आणि इकडे उकाडा सोडला तर बरं असतं. ट्रॅव्हलवाले मे महिन्यात त्याच बाजूचं फुकेत का खपवतात ते भाव बघून कळतं.

स्कूटर रोज दोनशे-अडीचशे बाट, आणि तीच परवडते. पण भारतातून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यात दुचाकी आहे ना ते बघा. नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो. बान तायच्या पुढे हाड रिनकडे जाणारे काँक्रीटचे चढ-उतार इतके उभे आहेत की ब्रेकवर भरवसा नसेल तर उतरून ढकला. गुडघ्याला पट्ट्या बांधलेले गोरे रस्तोरस्ती दिसतात. दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, रोख अनामत द्या. गाडी घेताना त्याच्यासमोर चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, खालून सुद्धा. जुन्याच ओरखड्याचे पैसे आमच्याकडे मागितले होते, व्हिडिओ दाखवल्यावर विषय मिटला.

जेवण संध्याकाळी थोंग सालाच्या बाजारात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या निम्म्यात. शाकाहारी असाल तर भाजीतही फिश सॉस असतो हे लक्षात ठेवा. पाणी बाटलीबंद घेण्याऐवजी रस्त्यावरच्या नाणं टाकायच्या यंत्रातून भरा. एटीएम दर वेळी दोनशेच्या वर बाट कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नाही. मधले सुखाचे दिवस पडून राहण्यात गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सामुईचं विमान विसरा. तो विमानतळ एका विमान कंपनीच्याच मालकीचा आहे आणि ते तिकिटात कळतं. बँकॉकहून सुरत थानीपर्यंत रात्रीची स्लीपर गाडी, मग बस आणि डोनसाकच्या धक्क्याहून बोट. फक्त परत येताना जपा. सुरत थानी स्टेशन सुरत थानी शहरात नाहीच, बाहेर फुनफिनला आहे. बोट अडीच तास, पुढे बस दोन तास, आणि बस बोटीतल्या शेवटच्या माणसाची वाट बघत थांबते. बोट सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यात सहा तासांपेक्षा कमी ठेवू नका, एजंट कितीही म्हणो.